बझारोव

येवगेनी वासिल्येविच बझारोव हे इव्हान तुर्गेनेव (१८१८–१८८३) यांच्या ‘पिता आणि पुत्र’ या कादंबरीतील मध्यवर्ती पात्र. ही कादंबरी १८६२ साली ‘रुस्की वेस्तनिक’ या मासिकात प्रसिद्ध झाली. धर्म, कला, प्रेम, घराण्याची प्रतिष्ठा, राज्यव्यवस्था यांपैकी काहीही केवळ चालत आले आहे म्हणून न मानणारा हा तरुण रशियन साहित्यातील पहिला ठसठशीत निहिलिस्ट मानला जातो. त्याची मते कादंबरीत वादात कोणीच खोडून काढत नाही. तो जे जे नाकारतो, ते त्याला स्वतःच्याच आयुष्यात भेटते. तुर्गेनेव यांची खरी ताकद या मांडणीत आहे.

कथानक २० मे १८५९ रोजी सुरू होते. भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, मुक्ती (१८६१) अजून व्हायची आहे, जमीनदार आणि शेतकरी दोघेही अस्वस्थ आहेत. विद्यापीठातून परतणारा अर्कादी किर्सानोव आपल्या मित्राला, बझारोवला, वडिलांच्या मार्यिनो येथील जहागिरीवर घेऊन येतो. अर्कादीचे वडील हस्तांदोलनासाठी पुढे होतात, तेव्हा बझारोव आपला उघडा, लालसर हात लगेच देत नाही. घरी आल्यावर काका पावेल पेत्रोविच नुसती मान लववतो आणि हात परत खिशात घालतो. इंग्रजी थाटाचा, नखे निगुतीने राखणारा हा सरदार आणि लष्करी डॉक्टरचा मुलगा यांच्यातले वैर असे पहिल्या भेटीतच ठरून जाते.

बझारोव निसर्गविज्ञान आणि वैद्यकाचा अभ्यासक आहे. पहाटे उठून तो डबक्यात बेडूक पकडायला जातो. बेडूक कशाला, असे गावातली पोरे विचारतात, तेव्हा तो सांगतो : याला चिरून आत काय चालते ते बघणार, तुम्हीआम्ही बेडकांसारखेच, फक्त दोन पायांवर चालतो. म्हणजे आपल्या आत काय चालते तेही कळेल. चांगला रसायनशास्त्रज्ञ कोणत्याही कवीपेक्षा वीस पटींनी उपयोगी, आणि निसर्ग हे देऊळ नसून कार्यशाळा आहे, माणूस तिथला कामगार, ही त्याची वाक्ये पुढे खूप गाजली. ‘तुम्ही सगळे मोडता, पण उभारायलाही हवे ना?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर एवढेच, की ते आमचे काम नाही, आधी जागा साफ करायला हवी. या उत्तरातली पोकळी वाचकाला जाणवते. पण पावेलच्या ‘तत्त्वांमागे’ही आयत्या सुखाखेरीज फारसे काही नाही, हेही तितकेच जाणवते.

बझारोवचा पाया पहिल्यांदा हलतो तो आन्ना सेर्गेयेव्ना ओदिन्त्सोवा या श्रीमंत, बुद्धिमान विधवेमुळे. प्रेम म्हणजे शरीरव्यवहार, बाकी सगळा भाबडेपणा, असे मानणारा हा माणूस तिच्यात पुरता गुंततो आणि स्वतःवरच संतापतो. त्याची कबुली प्रेमापेक्षा रागाच्याच जवळ जाणारी आहे. ती मागे सरते. तिला आपली शांतता अधिक प्रिय आहे. यानंतर त्याच्या बोलण्यात अनंत अवकाशातील आपल्या क्षुल्लकपणाचा विचार वारंवार येऊ लागतो. शेतकऱ्याला उद्या पांढरी झोपडी मिळेल, पण माझ्यातून तर गवतच उगवणार, मग मी त्याच्यासाठी का झिजावे, असे तो अर्कादीला विचारतो. निहिलिझमचा तात्त्विक गाभा कादंबरीत इथे उघडा पडतो. आधीच्या चमकदार वादांपेक्षा हा प्रसंग कितीतरी खोल आहे. आजोबा नांगर धरत होते याचा बझारोवला अभिमान असतो, पण ज्या शेतकऱ्यांशी आपल्याला बोलता येते अशी त्याची खात्री आहे, त्यांच्या लेखी तो एक विदूषकच असतो.

पावेलशी त्याचे द्वंद्वयुद्ध होते. त्यात पावेलच्या मांडीला गोळी लागते आणि गोळी झाडणारा बझारोवच लगेच डॉक्टर होऊन जखम बांधतो.

शेवटी तो आईवडिलांच्या घरी राहायला येतो. वासिली इव्हानोविच आणि आरिना व्लास्येव्ना मुलावर जीव टाकतात, पण त्याला त्रास होईल म्हणून मायासुद्धा जपून दाखवतात. शेजारच्या गावात टायफसने मेलेल्या शेतकऱ्याचे शवविच्छेदन करताना त्याचे बोट कापते. जखम जाळायला लागणारे सिल्व्हर नायट्रेट तिथल्या सरकारी डॉक्टरकडे नसते. घरी येऊन तो वडिलांकडे ते मागतो, तेव्हा चार तास उलटून गेलेले असतात. अंगावर उठलेले लाल चट्टे तो स्वतःच वडिलांना दाखवतो आणि निदानही स्वतःच सांगतो. मरणाच्या दारात ‘रशियाला माझी गरज आहे... नाही, गरज नाही असेच दिसते,’ असे म्हणून तो चांभाराची, शिंप्याची, खाटकाची गरज मोजू लागतो. स्वतः डॉक्टर असलेले अन्तोन चेखव हे आजारपण वाचून म्हणाले होते, की आपल्यालाच त्याचा संसर्ग झाल्यासारखा अशक्तपणा आला.

या पात्राची कल्पना १८६० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील व्हेंटनर येथे सुचली, आणि एका तरुण प्रांतीय डॉक्टरचे व्यक्तिमत्त्व त्यामागे होते, असे तुर्गेनेव यांनी नंतर लिहिले. कलेविषयीची मते सोडली तर बझारोवच्या जवळजवळ सगळ्या मतांशी आपण सहमत आहोत, असेही त्यांनी सांगितले. कादंबरी येताच रशियात वादळ उठले. ‘सोव्रेमेन्निक’ या मासिकात समीक्षक अन्तोनोविच यांनी ती तरुण पिढीची बदनामी ठरवली, ‘रुस्कोये स्लोवो’ या दुसऱ्या मासिकात समीक्षक पिसारेव यांनी मात्र बझारोवला आपल्या पिढीचा प्रतिनिधी म्हणून उचलून धरले. त्याच वर्षी पीटर्सबर्गमध्ये मोठ्या आगी लागल्या, तेव्हा ‘बघा, तुमचे निहिलिस्ट काय करताहेत!’ असे तुर्गेनेव यांना रस्त्यातच ऐकावे लागले. सनातन्यांना लेखक बंडखोरांचा पाठीराखा वाटला आणि बंडखोरांना तो फितूर वाटला. कोणत्याही बाजूला झुकते माप न देण्याची ही किंमत होती, आणि ती तुर्गेनेव यांना फार लागली.

फ्योदोर दस्तयेवस्की यांनी १८६३ मध्ये बझारोवच्या तळमळीला मोठ्या हृदयाची खूण म्हटले. पुढे त्यांनी रास्कोल्निकोव, किरिलोव आणि इव्हान कारामाझोव ही नकाराच्या टोकाला जाणारी पात्रे घडवली. ईश्वर नसेल तर माणसाला काय करायची मोकळीक आहे, हा त्यांना छळणारा प्रश्न बझारोवला पडतच नाही. तो प्रश्न बाजूला ठेवून तो सूक्ष्मदर्शकाकडे वळतो. मरणशय्येवर धर्मविधी करू द्यावा म्हणून आईवडील विनवतात, तेव्हाही तो चिडत नाही. बेशुद्ध माणसालाही तो विधी देतातच, मग घाई कसली, एवढेच तो म्हणतो.