घरमालक दुरुस्ती करत नाही? नोटीस, वजावट आणि पालिकेतली तक्रार

छताचा गिलावा पडतोय, जिन्याच्या सळ्या उघड्या पडल्यात आणि मालक "बघू" म्हणत वर्ष काढतोय. वैतागून बरेच भाडेकरू भाडं थांबवतात. ते करू नका. थकबाकी झाली की मालकाला तुम्हाला बाहेर काढायचं आयतं कारण मिळतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम आहे. करारात उलट काही लिहिलेलं नसेल तरच, म्हणून आधी करार काढून वाचा. पागडीवालेही, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहणारेही, यात येतात. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांची भिस्त मात्र करारातल्या अटींवरच.

पहिली पायरी, मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस. पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. "घर खराब झालंय" असं मोघम नको. "मोरीलगतच्या भिंतीला ओल, स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा दोन ठिकाणी पडला" असं लिहा. शेजाऱ्यांचंही तेच रडगाणं असेल तर सगळ्यांची मिळून एकच नोटीस चालते.

तरीही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा: एका वर्षात, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना ४,००० भाडं असेल तर १२,००० रुपये. पागडीचं ३०० असेल तर ९००, त्यात फार तर गवंडी येऊन बघून जाईल. तेव्हा पागडीवाल्यांसाठी खरा रस्ता पालिकेचाच.

वॉर्ड ऑफिसातल्या इमारत विभागात साध्या कागदावर अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, नाहीतर अर्ज दिल्याचा पुरावाच नाही. सोबत भाडेपावती, नोटिशीची प्रत, फोटो आणि ओळखपत्र. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीच्या तपासणीची, मागणीही त्यातच लिहा. पाहणीत बांधकाम धोकादायक आढळलं तर मुंबईत तिथल्या पालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली, इतर बहुतेक महानगरपालिकांत त्यांच्या कायद्याच्या कलम २६४ खाली नोटीस निघते.

पाणी किंवा जिन्यातला दिवा मालकाने मुद्दाम तोडला असेल तर वाट वेगळी: भाडे कायद्याच्या कलम २९ खाली न्यायालयात अर्ज.

आता मुंबईकरांसाठी एक सावधगिरी. इमारत सी-१ (सर्वात धोकादायक) वर्गात गेली की ती रिकामी करून पाडायची असते. मालकाचा डोळा पुनर्विकासावर असेल तर हे त्याच्या पथ्यावरच पडतं. त्याच्या ऑडिटवर शंका असेल तर भाडेकरूंनी स्वतःचा अहवाल करून घ्यावा. दोन अहवाल जुळले नाहीत की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. आणि इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही, पण खोलीच्या चटई क्षेत्रफळाची लेखी नोंद हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. मोजणीच्या दिवशी कामावर रजा टाका, घरी थांबा.