दूतावासाचे दार कोणी उघडायचे?

नागपुरात एकही परदेशी दूतावास नाही. आपला त्यांच्याशी संबंध येतो तो व्हिसासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागली तर. तरीही धरमपेठेतल्या ज्या अभ्यासिकेत मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो, तिथे दर वर्षी कोणीतरी विचारतेच : "सर, दूतावास म्हणजे त्या देशाचीच जमीन राहते नं? मग आत अतिरेकी घुसले तर यजमान देशाचे कमांडो कसे जातात?" यातला पहिला समज चुकीचा आहे. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र माणसे मेली आहेत.

दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या दूतावासांखालची जमीन भारताचीच. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने दिलेले संरक्षण वेगळे आहे. कलम २२ नुसार दूतावासाच्या प्रमुखाची संमती असल्याशिवाय यजमान देशाचा शिपाईसुद्धा आत जाऊ शकत नाही आणि त्याच वास्तूचे रक्षण करण्याची खास जबाबदारी मात्र यजमानावरच आहे. राजदूताच्या घरालाही हेच लागू. आग लागली किंवा जीव धोक्यात आला तर सवलत ठेवावी, असा विचार मसुद्याच्या वेळी झाला होता. सवलतीच्या आडून कोणीही आत घुसेल, या भीतीने ती ठेवली गेली नाही. दोनच वर्षांनी वाणिज्य दूतावासांसाठी जो करार झाला, त्यात आगीच्या वेळी संमती गृहीत धरली आहे. पण संमती देणारा राजदूतच ओलीस असेल तर काय, याचे उत्तर दोन्हीकडे नाही.

सत्तरच्या दशकात ही वेळ वारंवार आली. मार्च १९७३ मध्ये सुदानची राजधानी खार्टूमच्या सौदी दूतावासात 'ब्लॅक सप्टेंबर' या पॅलेस्टिनी संघटनेने अमेरिकेचे दोन आणि बेल्जियमचा एक मुत्सद्दी ठार केला. एप्रिल १९७५ मध्ये स्टॉकहोमला 'रेड आर्मी फॅक्शन' या जर्मन डाव्या अतिरेकी संघटनेने पश्चिम जर्मनीचा दूतावास ताब्यात घेऊन २६ कैद्यांची सुटका मागितली. दोनच महिन्यांपूर्वी एका अपहृत नेत्यासाठी पश्चिम जर्मनीच्या सरकारने कैदी सोडले होते. या वेळी चान्सेलर श्मिट यांनी नकार दिला. दोन जर्मन अधिकारी मारले गेले आणि अतिरेक्यांच्याच स्फोटकांनी इमारत पेटली.

मग १९८०. तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासातले ओलीस अजून सुटले नव्हते (शेवटच्या ५२ जणांची सुटका ४४४ दिवसांनी, जानेवारी १९८१ मध्ये झाली) आणि १९८० च्याच पहिल्या पाच महिन्यांत किमान आणखी तीन दूतावास ताब्यात घेतले गेले. ग्वाटेमालातल्या स्पेनच्या दूतावासाची घटना मी वर्गात सर्वांत सावकाश सांगतो. तिथे शिरलेले बहुतेक शेतकरी होते, लष्कराच्या अत्याचारांची दाद मागायला आलेले. पोलिसांनी आत येऊ नये, असे स्पेनचे राजदूत विनवत होते. ३१ जानेवारीला पोलीस दार फोडून शिरले, आग लागली आणि ३७ जण गेले. त्यांत पुढे नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेन्चू यांचे वडीलही होते. स्पेनने लगेच संबंध तोडले. कलम २२ कशासाठी आहे, हे मुलांना त्यानंतर वेगळे समजावावे लागत नाही.

कोलंबियाची राजधानी बोगोटात उलट झाले. डॉमिनिकन दूतावासातल्या मेजवानीत एम-१९ या बंडखोर संघटनेने अमेरिकेच्या राजदूतासह अनेक राजदूत पकडले. कोलंबियाच्या सरकारने ६१ दिवस बोलणी केली आणि बंडखोर विमानाने क्यूबाला गेले. लंडनच्या इराणी दूतावासात सहा बंदूकधारी शिरले. सहा दिवस बोलणी चालली, पण एका ओलिसाचे प्रेत बाहेर टाकल्यावर ५ मे रोजी ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या खास पथकाचे जवान खिडक्या फोडून आत गेले. सहापैकी पाच हल्लेखोर मेले. जगाने ते टीव्हीवर पाहिले आणि पुढे प्रत्येक सरकारपुढे हाच नमुना राहिला.

पेरूची राजधानी लिमा इथल्या कारवाईवरही त्याची छाया दिसते. १७ डिसेंबर १९९६ ला जपानच्या राजदूतांच्या घरी सम्राटांच्या वाढदिवसाची मेजवानी होती. एमआरटीए या डाव्या संघटनेचे १४ बंडखोर शेजारच्या घराची भिंत उडवून शिरले. शेकडो पाहुणे अडकले. बायकांना पहिल्याच रात्री सोडले. जपानी माणसे दूरदेशी नाती जोडतात, हे जपानी देणगीतून उभे राहिलेले कामठीचे ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार पाहिलेल्या नागपूरकराला सांगायला नको. पेरूत तर १८९९ पासून जपानी कुटुंबे आहेत आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी त्यांच्यातलेच. तुरुंगातले साथीदार सोडा, ही बंडखोरांची मागणी. जपानचा आग्रह होता शांततेने सोडवण्याचा. रेडक्रॉस मध्यस्थी करत होता आणि घराखाली भुयारे खणली जात होती. खणण्याचा आवाज दबावा म्हणून बाहेर मोठ्याने लष्करी संगीत लावत. १२६ व्या दिवशी दुपारी काही बंडखोर खालच्या दालनात फुटबॉल खेळत असताना खालून स्फोट झाला. ७२ पैकी ७१ ओलीस वाचले, दोन जवान गेले, चौदाही बंडखोर मेले. घर जपानच्या राजदूताचे, पण टोकियोला आधी कळवले नव्हते. पंतप्रधान हाशिमोतो यांनी अभिनंदनासोबत ही खंत बोलून दाखवली. एका बंडखोराला जिवंत पकडल्यावर मारल्याचा ठपका आंतर-अमेरिकी न्यायालयाने २०१५ मध्ये ठेवला. सुटलेल्यांचा आनंद खरा आणि हा ठपकाही खरा. दोन्ही सांगितल्याशिवाय मी लिमा शिकवत नाही.

आपल्या लोकांनीही हे भोगले आहे. अफगाणिस्तानात २०१४ मध्ये हेरात आणि २०१६ मध्ये मझार-ए-शरीफ इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासांवर बंदूकधारी चालून आले. आतून भारताच्या आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) दलाचे जवान लढले, बाहेरून अफगाण सुरक्षा दले. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये मात्र फोडायला दारच नव्हते. ३ फेब्रुवारी १९८४ ला तिथल्या भारतीय कार्यालयातले अधिकारी रवींद्र म्हात्रे यांना घरी परतताना पळवले. भारतात तुरुंगात असलेल्या मकबूल बट या काश्मिरी फुटीरतावाद्याला सोडा, ही मागणी. तीन दिवसांच्या आत त्यांचा मृतदेह सापडला.  ते भारताचे अधिकारी होते म्हणून त्यांना निवडले होते. इमारतीसारखेच माणसाचेही रक्षण यजमानाने करायचे असते, हे १९६१ च्याच कराराचे कलम २९ सांगते.

नागपूरहून पुण्याला नोकरीला गेलेले माझे विद्यार्थी रोज म्हात्रे पुलावरून जातात. नाव कोणाचे, हे बहुतेकांना वर्गात पहिल्यांदा कळले. एकाने पुण्याहून पुलावरच्या पाटीचा फोटो पाठवला होता. तो मी अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला आहे.