डिस्क भरली म्हणून मशीन बदलू नका

आंब्याची पेढी असो, काजूचा कारखाना, होमस्टे किंवा गावची पतसंस्था, आमच्या बहुतेक ग्राहकांकडे टेबलाखाली लिनक्सवर (विंडोजसारखीच एक सिस्टीम) चालणारे एक छोटे मशीन दिवसरात्र चालू असते. बिले त्यावर, खाती त्यावर, आणि हल्ली कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंगही त्यावरच. घेताना त्यात १२० नाहीतर २४० जीबीची एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, असते. चार-पाच सीझन गेले की ती भरते आणि आम्हाला फोन येतो, ‘प्रिंटर बिघडलाय, जरा येऊन जा.’

प्रिंटर बहुधा ठणठणीत असतो. छापायला दिलेले बिल आधी डिस्कवर रांगेत ठेवले जाते. तिथे जागाच नसेल तर प्रिंटरपर्यंत काही पोचतच नाही. पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिनची खिडकी पुन्हा पुन्हा येणे, बिल सेव्ह न होणे, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा मेसेज दिसणे, या सगळ्यांचे मूळही तेच असू शकते. त्यासाठी नवे मशीन घेऊन सगळे पहिल्यापासून बसवायची गरज नसते. पेट्या मावेनात म्हणून कोणी घर विकत नाही, मागे पडवी काढतात. तसेच मूळ सिस्टीम आहे तिथेच ठेवायची आणि वाढणारे फोल्डर तेवढे मोठ्या डिस्कवर न्यायचे.

काय हलवायचे, काय नाही

लिनक्समध्ये सी-ड्राइव्ह, डी-ड्राइव्ह असा प्रकार नसतो. कोणतीही डिस्क कोणत्याही फोल्डरच्या जागी जोडता येते. याला माउंट करणे म्हणतात. तुमच्या बिलिंगच्या प्रोग्रामला पत्ता पूर्वीचाच दिसतो, फाइली मात्र दुसऱ्या डिस्कवर असतात. प्रोग्रामला काही कळवावे लागत नाही.

वाढणारे फोल्डर मुख्यतः दोन. ‘व्हार’ मध्ये बिला-खात्यांचा डेटाबेस, लॉग (प्रोग्राम स्वतःच्या कामाच्या लिहितात त्या नोंदी) आणि ती प्रिंटची रांग. ‘होम’ मध्ये माणसांच्या फाइली: पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे स्कॅन, फोटो, हिशेबाचे तक्ते. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, तेव्हा ‘जुनी बिले उडवा की’ हा सल्ला आम्ही देत नाही, तुम्हीही कोणाचा ऐकू नका.

‘ईटीसी’ ला आम्ही हात लावत नाही, कारण कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादीच त्यात असते. राहिले प्रोग्रामांचे फोल्डर, ‘यूएसआर’. त्याची कुळकथा मजेशीर आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स (लिनक्स जिच्या धर्तीवर बनली ती सिस्टीम) लिहिणाऱ्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या पीडीपी-११ या संगणकावरची पहिली डिस्क अपुरी पडली, म्हणून सिस्टीमचे प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवरच्या ‘यूएसआर’ मध्ये जाऊ लागले. म्हणजे तुमची आजची अडचण युनिक्सइतकीच जुनी. पण हल्लीच्या लिनक्समध्ये जवळजवळ सगळे प्रोग्राम ‘यूएसआर’ मध्येच असल्याने मशीन सुरू होताना ते अगदी लवकर हाताशी लागते. हलवून जागा फार सुटत नाही आणि भानगडी मात्र वाढतात. आम्ही सहसा नको म्हणतो.

डिस्क विकत घेण्याआधी

डिस्क विकण्यात आम्हाला चार पैसे सुटतात, तरीही आधी तपासणी करतो. कधी एखादा प्रोग्राम तीच चूक सेकंदाला दहादा लॉगमध्ये लिहीत बसलेला असतो. तो थांबवला की काम झाले. कधी कोणीतरी मोठी लॉग फाइल पुसलेली असते, पण प्रोग्रामने ती उघडी धरून ठेवलेली असते. मग फाइल दिसत नाही आणि जागाही सुटत नाही. तो प्रोग्राम बंद करून सुरू केला की जागा मोकळी. आणि कधी डिस्कवर जागा भरपूर असते, पण लाखो बारीक फाइलींमुळे फाइलींची नोंद ठेवणाऱ्या इनोडचा कोटा संपलेला असतो. यातले काही नसेल तरच नवी डिस्क. ती २ टीबीपेक्षा मोठी असेल तर तिचे भाग जीपीटी पद्धतीनेच पाडावे लागतात. जुन्या एमबीआर पद्धतीत पुढची जागा वापरता येत नाही.

काम कसे होते

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलींची नक्कल करायची नाही. अर्धे पान आधीचे, अर्धे नंतरचे, असा हिशेब तयार होतो. म्हणून आम्ही मशीन बंद करून पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करतो. नक्कल ‘आरसिंक’ या प्रोग्रामने होते. माउसने ओढून टाकली तर प्रत्येक फाइलीचा मालक आणि परवानग्या जशाच्या तशा येतील याची खात्री नसते, आणि मालक बदललेला डेटाबेस सुरूच होत नाही. साध्या हार्डडिस्कवर सेकंदाला १०० एमबी धरले तर २०० जीबीला अर्धा-पाऊण तास. बारीक फाइली फार असतील तर याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून आम्ही अर्धा दिवस मागून घेतो.

‘फाइली दुसरीकडे टाका आणि जुन्या जागी शॉर्टकट ठेवून द्या ना, दहा मिनिटांत होईल,’ असे काही जण सुचवतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात अॅपआर्मर नावाचा पहारेकरी काही डेटाबेसना ठरलेल्या पत्त्याबाहेर जाऊ देत नाही. शॉर्टकटने हलवलेला असा डेटाबेस तिथेच अडतो. त्यापेक्षा मूळ पत्त्यावर माउंट केलेले बरे.

नक्कल झाली की ‘ईटीसी’ तल्या ‘एफएसटॅब’ या यादीत एक ओळ लिहायची. तीत डिस्कचे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असे नाव आम्ही घालत नाही. केबल इकडची तिकडे झाली की ही नावे बदलू शकतात. यूयूआयडी हा डिस्कच्या त्या भागाचा स्वतःचा क्रमांक, तो फॉरमॅट करेपर्यंत तसाच राहतो. त्याच ओळीत ‘नोफेल’ असा शब्द घातला तर ती डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होते. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगच्या डिस्कला आम्ही तो घालतो. ‘व्हार’ ला मुद्दाम घालत नाही. डिस्कची केबल सुटली आणि तरीही मशीन सुरू झाले, तर आजच्या नोंदी जुन्या डिस्कवर पडतील, उद्या केबल बसवली की नव्या डिस्कवर, आणि दोन्हींचा मेळ घालायला आठवडा जाईल. तेव्हा मशीन काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ म्हणून थांबले तर घाबरू नका, बटण दाबून पुन्हा पुन्हा सुरूही करू नका. पडद्याचा फोटो काढून पाठवा.

जुने फोल्डर आम्ही ‘व्हार-जुना’ असे नाव देऊन ठेवतो, लगेच पुसत नाही. नाव न बदलता त्यावरच नवी डिस्क माउंट केली तर जुन्या फाइली झाकल्या जातात पण जागा अडवून बसतात. असे मशीन आमच्याकडे येते तेव्हा मालक म्हणतो, ‘नवी डिस्क टाकली, तरी जुनी भरलेलीच!’

कधी करायचे

आंबेवाल्यांनी मार्च ते मे मध्ये हे काम काढू नये. वाशीला गाड्या रवाना होत असताना अर्धा दिवस बिलिंग बंद ठेवणे परवडत नाही. मासळी आणि बर्फाच्या धंद्याला १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीची वेळ सोयीची. होमस्टेवाल्यांनीही पावसातली एखादी रिकामी तारीख द्यावी. गणपतीच्या आठवड्यात आम्हीही गावी असतो. पावसात वीज जाते हे गृहीत धरूनच येतो, तरी तुमच्या यूपीएसची बॅटरी आधी तपासून ठेवा. मशीन उघडलेच आहे तर खाऱ्या हवेने हिरवट पडलेले कनेक्टर त्याच बैठकीत बदलून देतो.

आम्ही येण्याआधी ताजा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतलेला हवा. नसेल तर आधी तो घेऊ, मगच बाकीचे. आणि मोठी डिस्क बसली म्हणजे बॅकअप झाला असे नाही. ती गेली तर तिच्यावरचे सगळे गेले.

काम झाल्यावर एक दिवसाचे पूर्ण व्यवहार करा: बिल, पावती, प्रिंट, कॅमेऱ्याचे कालचे रेकॉर्डिंग. आठ दिवस सगळे सुरळीत चालले की फोन करा, ‘व्हार-जुना’ पुसून देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.