गप्पीच्या राखाडी मादीकडेही बघा

नौपाड्यात काय किंवा वाशीत काय, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गप्पीची जोडी मागितली की दुकानदार आधी झोकदार शेपटीचा नर हेरतो, आणि मग जाळीत येईल ती मादी पिशवीत सोडतो. माद्या बहुतेक राखाडीच, त्यामुळे गिऱ्हाईकही हटकत नाही. पुढे पिल्लं मोठी होतात, नर बापासारखे धड दिसत नाहीत आणि दोष पाण्याला दिला जातो.

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरींत, नाल्यांत सोडतात, तोच हा मासा. आनुवंशशास्त्रात मात्र त्याचा मान मोठा आहे. कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत योहानेस श्मिट काम करत. ईल मासा अंडी घालायला सारगासो समुद्रात जातो, याचा माग काढणारे तेच. १९२० मध्ये त्यांनी दाखवलं, की काही गप्पी नरांच्या पाठीवरच्या परावरचा काळा ठिपका बापाकडून सगळ्या मुलग्यांना मिळतो. त्या बापाच्या लेकीची साध्या नराशी जोडी लावली, तर तिच्या मुलग्यांत तो दिसत नाही. म्हणजे ठिपक्याचं जनुक वाय गुणसूत्रावर. नर एक्स-वाय, मादी एक्स-एक्स, हे गणित गप्पीतही आपल्यासारखंच. जुन्या सातबाऱ्यासारखा हा वारसा फक्त मुलग्यांच्या नावावर चढतो.

पण सगळे रंग वायवर नसतात. डॅनिश आनुवंशशास्त्रज्ञ ऑयविंद विंगे यांनी १९२७ मध्ये गप्पीच्या अठरा जनुकांच्या जागा मांडल्या. त्यांतली काही एक्सवरही होती. इथेच मादीचा हिशेब सुरू होतो. मुलग्याला एक्स मिळतो तो आईकडूनच. त्यामुळे बापाच्या अंगावरचा जो रंग एक्सवर आहे, तो मुलग्याकडे सहसा जात नाही. तो जातो लेकीकडे, तिथे राखाडीखाली दबून राहतो आणि नातवात वर येऊ शकतो. मादीला नर संप्रेरक दिलं तर तिच्या अंगावरही लपलेले रंग उमटतात. ते घरी करू नका, एवढंच सांगतो. त्यापेक्षा तिचे भाऊ बघा; आईकडून आलेले एक्सवरचे रंग त्यांच्या अंगावर उघड दिसतात. दुकानदार दाखवत नसेल, तर मादी न घेतलेली बरी.

अल्बिनोचा, म्हणजे अंगात काळं रंगद्रव्य नसलेल्या लाल डोळ्यांच्या गप्पीचा, मामला वेगळा. ते जनुक अप्रभावी असल्याने आई-बाप दोघांकडून यावं लागतं. अल्बिनोची साध्याशी जोडी लावली आणि साध्यात ते जनुक दडलेलं नसेल, तर पहिल्या पिढीत सगळे साधेच. त्या भावंडांची आपसांत जोडी लावली, तर सरासरी चारात एक अल्बिनो. नारिंगी ठिपक्यांत तर खाण्याचाही वाटा असतो. अन्नातून कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या जातीचं रंगद्रव्य, मिळालं नाही, की चांगल्या घराण्यातला नरही फिका पडतो.

आणखी एक घोळ दुकानातल्या टाकीतच झालेला असतो. गप्पीची मादी नराचे शुक्राणू पोटात महिनोन् महिने साठवते. एकत्र टाकीतून आणलेली मादी तुमच्या नराशेजारी राहून कुणा भलत्याचीच पिल्लं देत राहील. वंश राखणारे हौशी म्हणूनच पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली, की पोटाखालचा पर न्याहाळतात. ज्याचा पर लांबुळका, टोकदार होऊ लागला तो नर, आणि तो त्याच दिवशी दुसऱ्या टाकीत.