"काही करत नाही तो": मोकळ्या कुत्र्यांच्या वादामागचा इतिहास

बागेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर एखादा मोकळा कुत्रा आपल्या रोखाने धावत येतो आणि त्याच्या मागून मालकाचा आवाज येतो: "घाबरू नका, काही करत नाही तो." वाक्य धीर देण्यासाठी असतं. पण कायद्याच्या इतिहासात हा जुना बचाव आहे. आपला कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधी ठाऊक होतं का, या प्रश्नाभोवती कायदा हजारो वर्षं घुटमळत राहिला. "कुत्र्याला पट्ट्यात धरा" हा सरसकट नियम त्या मानाने अगदी अलीकडचा, आणि तो चाव्यांमुळे आला असं समजणं अर्धवट ठरेल.

आजच्या इराकमध्ये एश्नुन्ना नावाचं राज्य होतं. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे तिथले कायदे मातीच्या पाट्यांवर कोरलेले सापडले आहेत. त्यातलं एक कलम असं: कुत्रा चावरा आहे, वस्तीच्या अधिकाऱ्यांनी मालकाला तशी समज दिली आहे, तरी मालकाने त्याला आवरलं नाही आणि कुत्र्याच्या चाव्याने माणूस मेला, तर मालकाने ४० शेकेल (शेकेल हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी भरावी. मेलेला गुलाम असेल तर १५. शिंगं मारणाऱ्या बैलालाही हाच हिशेब. त्याच ओळीत पुढे कलायला आलेल्या भिंतीचं कलम आहे, आणि तिथे मात्र प्रकरण पैशांवर न भागता जिवावर जातं. तिन्हींत मुद्दा एकच: तुला सांगितलं होतं का? सांगितलं नसेल, तर काय, याबद्दल हे कलम काहीच बोलत नाही.

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याचा मार्ग वेगळा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, की माणसाला चावलेला कुत्रा मालकाने तीन हात लांबीचं लाकडी लोढणं गळ्यात अडकवून हवाली करायचा, असा सोलोनचा कायदा होता. प्लुटार्कला ही युक्ती फारच पसंत पडलेली दिसते.

खरी उडी रोमन लोकांनी मारली. बाजार आणि रस्त्यांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आदेशात, जिथून लोकांची ये-जा असते तिथे कुत्रा, डुक्कर, रानडुक्कर, अस्वल किंवा सिंह ठेवायला मनाई होती. कुत्र्याला सिंहाच्या पंगतीला बसवणारा हा आदेश आज वाचताना हसू येतं, पण त्यातला विचार महत्त्वाचा आहे. प्राणी कसा आहे यापेक्षा जागा कोणाची आहे, हे इथे आधी विचारलं गेलं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा कायदेपंडित उल्पियन तर आणखी बारकाईत शिरतो. कुत्र्याला कोणी धरून नेत असताना तो हिसका देऊन सुटला आणि त्याने नुकसान केलं, तर जबाबदार कोण? दुसऱ्या एखाद्याला तो अधिक घट्ट धरता आला असता, किंवा त्या ठिकाणाहून कुत्र्याला न्यायलाच नको होतं, असं असेल तर ज्याच्या हातात कुत्रा होता तो जबाबदार, असं उल्पियन म्हणतो. झेपत नसलेला दांडगा कुत्रा घेऊन गर्दीत शिरणारी माणसं आजही दिसतात. त्यांच्याबद्दल याहून नेमकं कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

मध्ययुगात हा धागा तुटला. कुत्र्यांवर बंधनं होती, पण ती वाटसरूंसाठी नव्हती. इंग्लंडमधल्या राजाच्या राखीव जंगलांत आसपासच्या लोकांच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटली जात, म्हणजे कुत्रा हरणामागे धावू शकत नसे. १२१७ च्या जंगल-सनदेने ही पद्धत बंद केली नाही, फक्त तिला शिस्त लावली: तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी, नखंच छाटावीत, तळव्याची गादी छाटू नये, आणि ज्याचा कुत्रा तसाच सापडेल त्याने तीन शिलिंग दंड भरावा. हरणं राजाची होती, म्हणून कुत्रा आवरायचा.

पुढे इंग्रजी न्यायालयांत मालकाच्या माहितीचाच नियम पक्का झाला. कुत्रा हा पाळीव, म्हणजे मुळात निरुपद्रवी प्राणी असं धरलं जाई. म्हणून तो घातक आहे हे मालकाला माहीत होतं, असं फिर्यादीने सिद्ध करायचं. यालाच लोक पुढे "पहिला चावा फुकट" म्हणू लागले. ते तंतोतंत खरं नाही, कारण आधी गुरगुरून अंगावर गेल्याचा पुरावाही पुरे होई, पण लोकांना जाचणारी गोष्ट त्यात बरोबर पकडली आहे. या नियमाला पहिलं मोठं खिंडार पडलं ते १८६५ साली, तेही मेंढ्यांमुळे. गुरं किंवा मेंढ्या यांना कुत्र्याने इजा केली तर मालकाला काय माहीत होतं हे सिद्ध करण्याची गरज नाही, असं ब्रिटिश संसदेने ठरवलं. माणसाच्या पोटरीचा चावा मात्र जुन्याच नियमाखाली राहिला. शेतकऱ्यांचं वजन पादचाऱ्यांपेक्षा जास्त होतं, एवढाच याचा अर्थ.

शहरांतलं चित्र बदललं ते रेबीजमुळे. एकोणिसाव्या शतकात पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत रोगाच्या प्रत्यक्ष फैलावाहून कितीतरी मोठी होती, आणि ते समजण्यासारखं आहे. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नसे, आजही जवळजवळ वाचत नाहीच. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना कुत्र्यांच्या तोंडाला मुसकं सक्तीचं करण्याचा आणि मोकाट कुत्री ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला. १८७१ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं: घातक कुत्रा नीट ताब्यात ठेवला जात नसेल तर दंडाधिकारी त्याला ताब्यात ठेवण्याचा किंवा मारण्याचा हुकूम देऊ शकतात. हा हुकूम पुढच्या धोक्यासाठी होता, झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी नव्हे.

जुलै १८८५ मध्ये पाश्चरने पॅरिसमध्ये चाव्यानंतरची लस एका मुलाला दिली आणि मुलगा वाचला. म्हणजे आता कुत्र्यांना मोकळीक मिळायला हरकत नव्हती? झालं उलट. १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉल्टर लाँग या ब्रिटिश मंत्र्याने मुसक्याची सक्ती मोठ्या प्रदेशात रेटली. लाडक्या कुत्र्यांचे मालक खवळले. त्यात शिकारी आणि मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना कामापुरती सूट होती, त्यामुळे राग आणखी वाढला: सरदारांची शिकारी टोळी मोकळी आणि आमच्या दारातलं पिल्लू मुसक्यात! पण उपाय लागू पडला. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज गेला. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांबरोबर चोरून आलेल्या कुत्र्यांमुळे १९१८ मध्ये तो परत शिरला, आणि १९२२ पर्यंत पुन्हा हाकलला गेला.

रोग गेला, बंधन मात्र उरलं. या इतिहासातलं सगळ्यात रंजक वळण मला हेच वाटतं. नियमाचं मूळ कारण संपलं तरी सरकारला आणि शहराला सवय लागली होती, की रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा कोणाच्या तरी नावावर हवा आणि कोणाच्या तरी ताब्यात हवा. गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता आला. मोटारी वाढल्या, तसा मोकळा कुत्रा अपघाताचं कारण ठरू लागला आणि काही रस्त्यांवर दोरी सक्तीची झाली. आइसलंडची राजधानी रेक्याविकने १९२४ मध्ये शहरात कुत्रा पाळण्यावरच बंदी घातली. तिथे भीती होती ती कुत्र्यांमार्फत माणसांत पसरणाऱ्या फीतकृमीच्या गाठींची. ती बंदी १९८४ मध्ये, अटी घालूनच, उठली.

१९७० च्या दशकात भांडणाचा विषय बदलून विष्ठेवर आला. आपल्या कुत्र्याची घाण मालकाने उचलावी, हा न्यूयॉर्कमधला नियम १९७८ सालचा. तो येताना केवढा गदारोळ झाला होता, यावर आज विश्वास बसणार नाही. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये रिकाम्या पडलेल्या जागेवर ओलोनी डॉग पार्क सुरू झालं. कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी कुंपण घातलेलं अमेरिकेतलं हे पहिलं सार्वजनिक मैदान मानतात. तोवर नियम फक्त "धरून ठेवा" एवढंच सांगत होता. सोडायचं कुठे, हे आता पहिल्यांदा ठरू लागलं. त्याच दशकात, १९७३ मध्ये, जर्मनीत गुंडाळून आत जाणारी लांब दोरी बनवणारी फ्लेक्सी कंपनी निघाली. ही दोरी म्हणजे मालकाला दिलेली एक पळवाट आहे, असं माझं मत. कुत्रा कागदोपत्री बांधलेला, प्रत्यक्षात चार-पाच मीटर पुढे कोणाच्या तरी पायात.

त्यानंतरची दोन दशकं जातींच्या याद्यांची. ब्रिटनचा १९९१ चा कायदा पिटबुलसह चार जातींच्या बंदीमुळे गाजला. २००० साली हॅम्बुर्गमध्ये दोन कुत्र्यांनी सहा वर्षांच्या मुलाचा जीव घेतल्यावर जर्मन राज्यांनी काही आठवड्यांतच कडक नियम आणले. याद्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात मी शिरत नाही. १९९१ च्या ब्रिटिश कायद्यातली त्याहून महत्त्वाची गोष्ट एका व्याख्येत दडली आहे: कुत्रा कोणाला इजा करील अशी रास्त भीती वाटण्याजोगी परिस्थिती असेल, तर त्याने प्रत्यक्ष इजा केली नसली तरी तो "धोकादायकरीत्या अनावर" समजावा. एश्नुन्नापासून चालत आलेला प्रश्न इथे उलटा झाला. मालकाला काय ठाऊक होतं हे बाजूला पडलं. समोरच्याला काय वाटलं, आणि ते वाटणं रास्त होतं का, हे पुढे आलं. "काही करत नाही तो" हे उत्तर या प्रश्नाला लागूच पडत नाही.

कुत्र्यांच्या वागण्याबद्दलची समजही याच काळात बदलली. दोन अनोळखी कुत्री आपापली भेटतात तेव्हा सरळ तोंडासमोर येत नाहीत, वळसा घेऊन बाजूने येतात, हुंगतात. एक बांधलेला आणि दुसरा मोकळा असेल तर हे बिघडतं: बांधलेल्याला वळता येत नाही, पळता येत नाही, मग तो आधीच दात दाखवतो. म्हणून मोकळ्या कुत्र्याच्या मालकाला "आमचा तर खेळायला आला होता, तुमचाच भुंकला" असं म्हणता येतं, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. पादचाऱ्याला दिला जाणारा सल्लाही पालटला. पूर्वी काठी उगारा, दगड उचलल्याचा आव आणा, ओरडा असं सांगत. आता सांगतात: पळू नका, उभे राहा, हात अंगाशी ठेवा, डोळ्यांत रोखून पाहू नका, किंचित बाजूला वळा. सोबत आपला कुत्रा असेल तर त्याला मागे घ्या आणि येणाऱ्यासमोर मूठभर खाऊ जमिनीवर फेका. बऱ्याचदा तेवढ्याने निघून जायला वेळ मिळतो.

नियम आता कुत्र्याच्या जातीपेक्षा पुन्हा जागेकडे आणि वेळेकडे वळले आहेत, म्हणजे एका अर्थी रोमन वळणावर. नॉर्वेत १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रा बांधूनच न्यावा लागतो, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा आणि पिल्लांचा काळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत दोरी सहा फुटांहून लांब चालत नाही. न्यूयॉर्कच्या ठरावीक उद्यानांत रात्री ९ ते सकाळी ९ मोकळं सोडण्याची वहिवाट होती. ती कोर्टात गेली, २००६ मध्ये टिकली आणि २००७ मध्ये रीतसर नियमात आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट राष्ट्रीय क्षेत्रात असं जमलं नाही. तिथल्या किनाऱ्यांवर कुत्री मोकळी सोडण्याची मुभा १९७९ पासूनची. ती आक्रसण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं रखडला, आणि २०१७ मध्ये प्रशासनाला मागे घ्यावा लागला.

कोलोरॅडोतल्या बोल्डरने २००६ पासून तिसरीच वाट धरली आहे. शहराच्या काही मोकळ्या रानवाटांवर कुत्रा सोडता येतो, पण त्याच्या गळ्यात परवान्याचा हिरवा बिल्ला लागतो, आणि तो मिळण्याआधी मालकाला नियम शिकून घ्यावे लागतात. कुत्रा नजरेत हवा, हाक मारताच परत यायला हवा, मग समोर खार असो, दुसरा कुत्रा असो वा अनोळखी माणूस. "तो माझं ऐकतो" हा मालकाचा दावा इथे परवान्याची अट झाला आहे. आणि मोकळ्या सोडलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे एक दोरी मालकाजवळ असलीच पाहिजे, हेही त्याच नियमांत लिहिलं आहे.