स्पीकरची वायर: वजन, कस आणि मजुरी

गुजरीत दागिना घेताना कोल्हापूरकर वजन, कस आणि मजुरी वेगवेगळी विचारतो. स्पीकरची केबल घेताना मात्र वेष्टनाला भुलतो. इथेही वजन म्हणजे जाडी आणि कस म्हणजे तांबं. उरलेली बहुतेक मजुरीच.

स्पीकर ५ मीटरवर असेल तर हिशेब १० मीटरचा, कारण करंट जातो तसा परतही येतो. एवढ्या लांबीला अडीच स्क्वेअरच्या, म्हणजे अडीच चौरस मिमी जाडीच्या, तांब्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे ०.०७ ओहम, अर्ध्या स्क्वेअरचा ०.३४. हा आकडा स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे बारीक वायर ८ ओहमच्या स्पीकरला कशीबशी चालेल, ४ ओहमच्या नाही. स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला बदलतो. वायरचा रोध त्यात मिसळला की काही सूर दबतात. दिवाणखान्याला दीड किंवा अडीच स्क्वेअर पुरते.

हुपरीची चांदी पैंजणातच शोभते. वीज वाहण्यात ती तांब्याहून जेमतेम ६ टक्के सरस. तेवढं तांबं किंचित जाड घेतलं की भागतं. खरी फसवणूक वेगळीच असते: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. वरून पांढरी आणि आत लाल असेल तर ते कथिल चढवलेलं तांबं, बिनधास्त घ्या.

जोडताना ॲम्प्लिफायरचा प्लग आधी काढा. टोकाचं १०-१२ मिमी आवरण सोला, तारांना घट्ट पीळ द्या. वायरची रेघ असलेली बाजू दोन्हीकडे लाल टर्मिनलला. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होऊन आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतात. टोकाला झाळ (सोल्डर) देऊन स्क्रूखाली आवळू नका. झाळ मऊ, दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड ढिला पडतो.

एकच स्पीकर उलटा जोडला गेला तर दोघांचे पडदे विरुद्ध दिशेला हलतात. ढोलाचा घुमारा गायब होतो, गायकाचा आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. शंका असेल तर वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धन टोक लाल बाजूला. दोन्ही वूफर (स्पीकरचे मोठे पडदे) सारख्याच दिशेला, बहुधा बाहेर, उचलले पाहिजेत.

इथल्या पावसाळ्यात उघडं तांबं काळवंडतं, हिरवंही होतं. दसऱ्याच्या साफसफाईत ते टोक कापून टाका, नव्याने सोलून आवळा आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनच स्विच दाबा.