खाटेभोवती बांधलेला विमा

फोंड्याच्या माझ्या मावशीचा खांदा धरला, तेव्हा डॉक्टरांनी दहा सिटिंग लिहून दिल्या. शेक झाला की फिजिओ एका तळव्याने खांद्याचं पातं दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने दंड सावकाश वर न्यायची. मावशी डोळे मिटून आकडे मोजायची. पावत्या तिने जपून ठेवल्या, पण मेडिक्लेमचा एक रुपया मिळाला नाही. कारण ती 'ॲडमिट' नव्हती.

या कारणाचं मूळ १९८६ मध्ये आहे. सरकारी विमा कंपन्यांनी तेव्हा मेडिक्लेम आणला तो इस्पितळाच्या मोठ्या बिलासाठी, आणि अट ठेवली किमान २४ तास भरती राहण्याची. पुढे मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियांना डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडणारे उपचार म्हणून सवलत मिळाली. हातांनी सांधा मोकळा करण्याला खाट लागत नाही, खर्चही थोडा-थोडा होत जातो, म्हणून तो उपचार बाहेरच राहिला. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, कॅशलेस, म्हणजे बिल थेट कंपनीने चुकतं करणं आलं, पण साचा तोच.

आपल्याकडे याचं फारसं कुणाला वाटलं नाही. लचकलेला, मुरगळलेला माणूस हाडवैद्याकडे जायचा, तेल-पट्टीचे पैसे रोख. २०१६ ची गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली, मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं कवच घेऊन. तिचाही भर इस्पितळातल्या उपचारांवर.

२०१९ मध्ये विमा नियामकाने वगळलेल्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात केवळ विश्रांती वा पुनर्वसनासाठीची भरती पाचव्या कलमाने बाहेर काढली. २०२० च्या आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीत इस्पितळातून घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरला जातो. म्हणजे गुडघा बदलला तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची फिजिओथेरपी त्या मुदतीत बसू शकते, धरलेला खांदा नाही. हा फरक मला अन्यायाचा वाटतो. खांदा सुटायला कित्येक महिने लागतात, आणि वेळेवर हात लागला तर पुढचा त्रास टळू शकतो.

अलीकडे काही खासगी कंपन्या ओपीडीचं, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचं जादा कवच विकतात, त्यात फिजिओथेरपीही असते. हप्ता मात्र वाढतो. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टांना स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली. त्यामुळे पावती डॉक्टरचीच धरायची की फिजिओचीही, हा जुना वाद तरी मिटायला हवा.

मावशीने सातव्या सिटिंगनंतर जाणं थांबवलं. हात अजून पाठीमागे जात नाही. पदर खोचायला ती सुनेला हाक मारते.